दीड दिवसाची शाळा आणि गॅदरिंगचे स्टेज

जानेवारी महिना उजाडला की आमच्या वाशीम जिल्ह्यात शाळाशाळांतून गॅदरिंगचे मांडव पडतात. रिसोड असो की मालेगाव, कारंजा असो की मंगरूळपीर, चित्र सगळीकडे सारखेच. भाड्याचा साउंड, मंडपवाल्याचे चमचमते पडदे आणि मोबाइलवरून लावलेली सिनेमाची गाणी. लेकरे नाचतात, पालक मोबाइल वर करून शूटिंग घेतात, माइकवरून अमुक तर्फे एक्कावन्न रुपये, तमुक तर्फे एकशे एक असे पुकारले जाते. लेकरांच्या या आनंदावर आमचा मुळीच आक्षेप नाही. लेकरे नाचलीच पाहिजेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या जिल्ह्यात पोळ्याला बैलांपुढे झडत्या म्हटल्या जातात, मानोऱ्याच्या तांड्यांवर होळीला लेंगी गायली जाते, चौदा एप्रिलला गावोगाव भीमगीतांच्या पार्ट्या रात्र जागवतात, त्या जिल्ह्यातील शाळेच्या स्टेजवर आपले स्वतःचे एखादे गाण्याचे नाटक का नसावे?

आणि असावे तर ते कोणाचे? आमचे उत्तर तयार आहे. साहित्यरत्न लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या जीवनाचे, आणि तेही त्यांनीच घडवून दिलेल्या लोकनाट्याच्या पद्धतीने. 1 ऑगस्टला फोटोला हार, दोन भाषणे आणि पेढा, एवढ्यावर आपण या माणसाची बोळवण करीत आलो आहोत. ज्याने गाणे आणि नाटक एकत्र बांधून गिरणीच्या दारात आणि खेड्याच्या चावडीत उभे केले, त्याला केवळ फोटोत बसवून ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचे मूळ नाव. जन्म 1 ऑगस्ट 1920 चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. आई वालुबाई, वडील भाऊराव. जात मांग. ही जात त्या काळी नुसती अस्पृश्य नव्हती, तर इंग्रज सरकारच्या लेखी संशयितही होती. 1871 साली आलेला गुन्हेगार जमाती कायदा पुढे वाढत गेला आणि कित्येक जमातींच्या माणसांना गुन्हा न करताच रोज हजेरी देण्याची वेळ आली. हा कायदा रद्द झाला तो थेट 1952 साली, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी! अण्णा भाऊंची सर्वांत गाजलेली कादंबरी ‘फकिरा’ ज्या माणसावर आहे, तो फकिरा याच हजेरीच्या आणि उपासमारीच्या विरोधात उभा राहिलेला बंडखोर. बालपणी त्याच्या गोष्टी कानावर पडत अण्णा भाऊ वाढले.

आता शाळेचे पाहू. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची होती, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जातीवरून झालेला अपमान त्यांनी सोसला नाही आणि पुन्हा त्या दाराची पायरी चढली नाही. वक्ते हा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगतात. दीड दिवस शाळा शिकलेला माणूस पाहा केवढा मोठा लेखक झाला, असे म्हणून टाळ्या घेतात. आम्हाला या कौतुकाचा खरे तर राग येतो. दीड दिवस हा अण्णा भाऊंचा पराक्रम नव्हे, तो त्या शाळेचा गुन्हा आहे. त्या वर्गातून अशी किती पोरे बाहेर पडली असतील आणि त्यांतले किती अण्णा भाऊ होण्याआधीच मातीत गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पुढे दुष्काळाचे आणि मंदीचे दिवस आले. अण्णा भाऊ अकरा-बारा वर्षांचे असताना साठे कुटुंब मुंबईला निघाले, तेही पायी. सव्वादोनशे मैलांची ती वाट. वाशीमहून पायी निघावे आणि नागपूर ओलांडून आणखी पुढे जावे, एवढी. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे, पुन्हा चालायचे. मानोऱ्याच्या तांड्यावरून ज्यांच्या घरचे कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात, त्या लेकरांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. नाटकात तो आला तर तीच पोरे तो सर्वांत चांगला करून दाखवतील.

मुंबईत भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड पडले. अण्णा भाऊंनी हमाली केली, पडेल ते काम केले, गिरणीत नोकरी केली. आणि मुंबईनेच त्यांना अक्षरे दिली. दुकानांवरच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे, रस्त्यातले फलक हीच त्यांची पुस्तके. एकेक अक्षर जुळवत, कोणाला तरी विचारत ते वाचायला शिकले. ज्याला गावच्या शाळेने बाहेर ठेवले त्याला अख्खे शहर वर्ग म्हणून मिळाले. त्याच काळात गिरणी कामगारांचे मोर्चे, सभा, लाल बावटा त्यांनी पाहिला आणि ते कम्युनिस्ट पक्षाकडे ओढले गेले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात दलित कामगारांची मोठी वस्ती होती. तेथल्या डासांवर त्यांनी रचलेले गाणे हे त्यांचे सुरुवातीचे गाणे म्हणून सांगितले जाते. पाहा, वाचकहो! राजाराणीवर नाही, देवादिकांवर नाही, गटारीच्या कडेला राहणाऱ्या माणसाला रात्रभर फोडून काढणाऱ्या डासावर! ज्याला आपले दुःख एवढ्या जवळून दिसते आणि त्याचे हसूही करता येते, तोच खरा शाहीर.

मधल्या काळात ते वाटेगावी परतले होते आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात रमले होते. ढोलकी, तुणतुणे, सोंगाड्याची हजरजबाबी, झीलकऱ्यांनी सूर कसा उचलून धरायचा, हे सारे शिक्षण त्यांना फडात मिळाले. कोणत्याही नाट्यशाळेत हे शिकवत नाहीत.

येथे एक अडचणीचा मुद्दा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. तमाशा हा शब्द आंबेडकरी घरात चांगल्या अर्थाने घेतला जात नाही आणि त्याला सबळ कारण आहे. आपल्याच आयाबहिणींना बोर्डावर नाचवून वतनदारांनी आणि पैसेवाल्यांनी करमणूक करून घेतली. पठ्ठे बापूराव यांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली, असे सांगतात. तेव्हा एखाद्या गुरुजींनी वा पालकांनी, शाळेत तमाशा कशाला आणता, असे विचारले तर तो प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर अण्णा भाऊंनीच देऊन ठेवले आहे. त्यांनी तमाशातले काय ठेवले आणि काय फेकले हे बघा.

जुन्या तमाशात आधी गणपतीचा गण, मग कृष्ण आणि गवळणींची गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी गणातला गणपती काढला आणि त्या जागी मातृभूमीला, कष्टकऱ्यांना, हुतात्म्यांना वंदन आणले. बाईची छेड काढून हसवणारी गवळण त्यांनी बाजूला सारली. ठेवले काय? ढोलकी ठेवली, सवालजवाब ठेवले, सोंगाड्या ठेवला, गाण्यातून गोष्ट पुढे नेण्याची हातोटी ठेवली. राजाच्या जागी सावकार, शेटजी आणि पुढारी आले. म्हणजे गोडी तीच, पण बोर्डावरची बाई शोभेची राहिली नाही आणि देव कथेबाहेर गेला. हे काम त्यांच्या आधी सत्यशोधक जलशांनी सुरू केले होते. 1930 च्या दशकापासून भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी ते महारवाड्या-महारवाड्यांतून नेले. त्याहीआधी 1855 साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्याचा विषयच मुळी शिक्षण हा होता. शाळेच्या स्टेजवर परिवर्तनाचे नाटक आणणे ही काही आमची नवीन खोड नाही. दीडशेहून अधिक वर्षांची ती परंपरा आहे.

1944 साली अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लालबावटा कलापथक उभे केले. या पथकाने महाराष्ट्र अक्षरशः पिंजून काढला. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा पोवाडा त्याआधीच गाजला होता, बंगालच्या दुष्काळावरचाही झाला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही नुसती नावे वाचली तरी कळते की हा माणूस कोणाला झोडपत होता. पथकाला पडदा लागत नसे, नेपथ्य लागत नसे. चार बाकडी जोडली की स्टेज. टोपी बदलली की पात्र बदलले. उजेडाला गॅसबत्ती पुरे. गिरणीच्या दाराशी पाळी सुटण्याच्या वेळेला उभे राहायचे आणि दमलेल्या माणसाला जागच्या जागी थांबवायचे. हे ज्याला जमते त्याला गॅदरिंगच्या कंटाळलेल्या प्रेक्षकांची काय भीती?

सरकारला मात्र भीती वाटली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. अश्लीलतेचे कारण पुढे करण्यात आले. पण लालबावट्याच्या खेळात अश्लील काय होते? अश्लील एवढेच की काळाबाजारवाल्याला काळाबाजारवाला म्हटले होते. तमाशा म्हटले की बंदी, तर आम्ही लोकनाट्य करतो, असा पवित्रा अण्णा भाऊंनी घेतला. नाव बदलले, धार तीच ठेवली. आज शहरी नाट्यगृहातली मंडळी लोकनाट्य हा शब्द मोठ्या प्रेमाने वापरतात. त्या शब्दामागे पोलिसांचा ससेमिरा आहे हे त्यांनीही लक्षात ठेवावे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची मैनेची छक्कड घराघरात गेली. वरवर पाहता गावी राहिलेल्या बायकोची आठवण, आत मात्र तुटलेल्या मुलखाचे दुःख. आम्हा वऱ्हाडातल्या वाचकांना येथे थोडे थांबावे लागेल. 1955 साली भाषावार प्रांतांविषयी लिहिताना बाबासाहेबांनी मराठी मुलखाचे एकच राज्य न करता चार करावेत, मुंबई स्वतंत्र आणि पूर्वेकडचा भागही स्वतंत्र, असे सुचवले होते. आपले वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि वेगळ्या विदर्भाचा आवाज इकडे जोरात होता. पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन 1956 साली संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाला. तेव्हा या प्रश्नावर सगळे एका सुरात गात होते असे शाळेत शिकवू नये. मतभेद होते. शहाण्या माणसांत ते असतात. नाटकात हा सवालजवाब आला तर पोरांना दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आमच्या मते तो प्रवेश सर्वांत रंगेल.

असाच दुसरा मतभेद. अण्णा भाऊ कम्युनिस्ट, म्हणून आपल्या चळवळीतील काही मंडळींनी त्यांना बरीच वर्षे हातभर दूर ठेवले. आणि कम्युनिस्टांनी त्यांच्यातला लेखक किती ओळखला, हाही प्रश्नच आहे. पण 2 मार्च 1958 रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटन केले अण्णा भाऊंनी. पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर उभी असल्याची पुराणकथा त्यांनी त्या भाषणात निकालात काढली आणि दलित-श्रमिकांच्या हातांकडे बोट दाखवले. 1959 साली आलेली ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली. बाबासाहेबांवर त्यांनी लिहिलेले गीत आजही कुठल्या भीमजयंतीत गायले जात नाही? लाल आणि निळा यांच्यात त्यांना उभे राहून भांडत बसायचे नव्हते. ज्याला भूक आणि अपमान दोन्ही ठाऊक, त्याने दोन्ही रंग अंगावर घेतले तर बिघडले कुठे?

‘फकिरा’ला 1961 साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच साली अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. त्यांच्या कादंबऱ्या पस्तीसच्या आसपास भरतात, कथासंग्रह वेगळे. ‘वैजयंता’वर 1961 साली आणि ‘फकिरा’वर 1963 साली चित्रपट निघाले. पडद्यावर नाव झळकले, पण घरात चूल पेटायची मारामार कायम राहिली. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत त्यांनी वीसेक वर्षे काढली. ज्या झोपडीत पावसाचे पाणी शिरत होते तेथे बसून त्यांनी मराठी वाङ्मयाला ऐश्वर्य दिले, आणि मराठी वाङ्मयाच्या ठेकेदारांनी त्यांना अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या जवळपासही फिरकू दिले नाही. 18 जुलै 1969 रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याच्या पंधरा दिवस आधी, अण्णा भाऊ गेले. पुढल्याच महिन्यात, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत दोन डफ थांबले.

मानसन्मान मागाहून आले. 2002 साली टपाल तिकीट निघाले. 2020 साली जन्मशताब्दी आली आणि कोरोनात गेली. 2022 च्या सप्टेंबरात मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. मॉस्कोत पुतळा आहे आणि आमच्या गावच्या शाळेतल्या पोराला त्यांचे एक लोकनाट्य माहीत नाही, अशी आजची अवस्था आहे.

म्हणून वाशीम जिल्ह्यातील शिक्षकांपुढे आणि नाटकवेड्या तरुणांपुढे आम्ही हा विषय ठेवत आहोत. अण्णा भाऊंच्या जीवनावर तासाभराचे लोकनाट्य बांधा. त्यांचे स्वतःचे लेखन राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने निवडक वाङ्मय म्हणून छापलेले आहे, ते आधी वाचा. मात्र त्या लेखनावरचे हक्क कायद्याने 2029 अखेरपर्यंत आहेत, तेव्हा त्यांचे लोकनाट्य जसेच्या तसे करायचे तर परवानगी काढा. त्यांच्या जीवनावर स्वतः लिहिलेल्या नाटकाला ही अडचण नाही. गाणी आपली आपण रचा, आपल्या वऱ्हाडी बोलीत रचा. चाल झडतीची घ्या, लेंगीची घ्या, भीमगीताची घ्या. ढोलकी आणि टाळ गावच्या भजनी मंडळाकडे असतात, डफ भीमजयंतीच्या पार्टीकडे असतो. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्याहून हा खर्च नक्कीच कमी आहे. सिनेमाच्या नाचाला एका वेळी सहा पोरी लागतात आणि त्या सहा कोणाच्या असतात हे गावात सर्वांना माहीत असते. लोकनाट्यात झीलकऱ्यांमध्ये कितीही पोरे उभी राहतात. ज्याला गळा नाही तो टाळ धरतो, ज्याला बोलता येत नाही तो डास होतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने 2023 साली पुढे आणला. अशा अठरा पोरांच्या शाळेलाही हे नाटक अख्खे करता येते. पहिली ते पाचवी सगळी पोरे घ्यायची, कोणी उरत नाही.

डफ मुलीच्या हातात द्या. फकिरा मुलीने केला तरी चालेल, उलट जास्त उठून दिसेल. गणामध्ये कोणाला वंदन करायचे हे पोरांनाच ठरवू द्या. ती सावित्रीमाईंचे नाव घेतील, भीमाचे घेतील, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचेही घेतील. लेबर कॅम्पच्या प्रवेशात डासांचा ताफा आला की लहान पोरांचे हसून हसून पोट दुखेल. बंदीच्या प्रवेशात खरा पोलीस वाटावा असा काठीवाला मधूनच शिरला आणि ढोलकी थांबली, तर मांडवात क्षणभर शांतता पसरेल. मुंबईच्या पाट्यांचा प्रवेश तर शाळेच्या फळ्यावरच करता येतो. एक पोरगा फळ्यावरचे अक्षर बोटाने गिरवतो, झीलकरी ते सुरात उचलतात, मग दुसरे अक्षर, मग तिसरे, आणि शेवटी पूर्ण शब्द.

राहिला प्रश्न एका पात्राचा. दीड दिवसात त्या पोराला घरी पाठवणाऱ्या मास्तरची भूमिका कोणी करायची? कोणतेही पोर ती आनंदाने करणार नाही, आणि त्याला करायला लावूही नये. आमची सूचना अशी की ती भूमिका शाळेच्या गुरुजींनी स्वतः करावी.